आईच्या डोक्यावरच्या आठ पेट्या

आमच्याकडे भूकंप झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पाथर्डीतल्या आमच्या घराची सध्याची अवस्था ऐकून कोणाचाही गैरसमज व्हायचा. भिंतीला आरपार भोक, फरशीचे तीन तुकडे, पलंगाभोवती लोखंड, आणि माझ्या अब्रूचं जे झालं ते वेगळंच. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत, घर सुरक्षित करण्याच्या हेतूने केलं.

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. जमीन हलली तर तो भूगोलाचा विषय, असं मुख्याध्यापकांचं मत असल्यामुळे शाळेचं आपत्ती व्यवस्थापन माझ्या गळ्यात पडलं आणि डिसेंबरात मला नगरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं असतं, पण एसटीत बसलं की तोंडातून नगरच निघतं.) पहिला दिवस नेहमीसारखा गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, सगळे पेंगत असताना, तिथले साहेब म्हणाले, "भूकंपात माणूस फक्त घर पडून जखमी होत नाही. कपाट, टाकी, माळ्यावरचं सामान अंगावर येतं. आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या अंथरुणावर आडवे व्हा आणि वर बघा."

मी सरकारी सूचना शब्दशः पाळणारा माणूस आहे. घरी आलो, बायकोने, ज्योतीने, पुढे केलेला चहा तसाच ठेवला आणि आईच्या पलंगावर आडवा होऊन वर बघितलं. वर माळ्याच्या काठाबाहेर डोकावणाऱ्या आठ पेट्या होत्या.

या पेट्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही मूळचे तालुक्यातल्या एका वस्तीवरचे. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. जाताना घरातलं जे काही जपण्यासारखं असेल ते पत्र्याच्या पेटीत भरून माझ्या आईकडे, म्हणजे मुक्ताबाईंकडे, ठेवून जातात. आम्ही पाथर्डीत घर बांधून आलो तशा पेट्याही आल्या. याचे काही नियम आहेत आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत. जिची पेटी तिने स्वतःच्या हाताने वर ठेवायची आणि स्वतःच्याच हाताने उतरवायची. मधल्या काळात तिला कोणी हात लावायचा नाही. आत काय आहे हे आई विचारत नाही, आणि मालकीण पेटी उघडायला बसली की आई भिंतीकडे तोंड करते. ज्योतीसुद्धा जाळी काढताना पेट्या सोडून आजूबाजूची काढते.

"आई, पलंग त्या भिंतीला घेऊ," मी म्हणालो.

"कशापायी?"

"भूकंप झाला तर पेट्या तुझ्या अंगावर येतील."

"किल्लारीच्या टायमाला भांडी वाजली हुती. पेट्या न्हाई हालल्या."

"तेव्हा हे घर नव्हतं."

"पेट्या हुत्या की."

"बरं, मग पेट्या खाली उतरवतो."

आईने माझ्याकडे बघितलं. "तू ठिवल्यास व्हय?" एवढंच म्हणाली आणि गवार निवडायला लागली.

आई हलणार नव्हती आणि पेट्याही हलणार नव्हत्या. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. मध्ये अंतर पाच फुटांचं. त्या दिवसापासून मला वर्गात नकाशा दाखवतानासुद्धा डोळ्यांपुढे त्या पेट्या दिसायच्या. लोकांना हसू येईल, पण मला खरोखर भीती वाटत होती.

आमच्या शेजारी गोरक्षनाथ राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण डबल बेल अजून त्यांच्याच हातात आहे अशा थाटात बोलतात. मी त्यांना माझी काळजी सांगितली. त्यांनी डोळे मिटून सगळा विभाग नजरेखालून घातला आणि म्हणाले, "सर, किल्लारी गेलं लातूर साईडला. कोयना गेली सातारा साईडला. आपल्या रूटला भूकंप न्हाईच."

मी त्यांना खडकातल्या भेगा, पट्टे वगैरे समजावून सांगितले. भूगोलाची पदव्युत्तर पदवी मला उगाच मिळालेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, "मग एक करा. पितळी तांब्याच्या काठावर चमचा आडवा ठिवा. जमीन हालली की चमचा वाजतो. वाजला की भाईर पळायचं."

हा उपाय बिनखर्चाचा असल्यामुळे ज्योतीला एकदम पटला. चमचा पहिल्याच दुपारी वाजला. मी लुंगी-बनियनवर आईला हाताला धरून रस्त्यावर आणलं, तर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्या आवाजात गाणी लावून चालला होता. ट्रॉलीवरच्या लोकांनी आम्हाला हात केला. आईनेही केला. हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे तीन दिवसांत आम्ही अकरा वेळा बाहेर पळालो. बाराव्या वेळेला दहावी ब च्या मुली क्लासला जाताना उभ्या होत्या. त्यानंतर तो तांब्या मी स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

मग मी करणला बोलावलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान नाक्यावर आहे आणि तो माझा माजी विद्यार्थी, म्हणजे भूगोलात नापास झालेला. मी त्याला काम समजावलं. माळ्याच्या तोंडाला लोखंडी अँगल लावायचा, दोन्ही बाजूंनी भिंतीत बोल्ट मारून आवळायचा, म्हणजे पेट्या पुढे सरकणार नाहीत. "आन् पेट्यांना हात न्हाई लावायचा," असं आईने आतून सांगितलं.

करणने डाव्या भिंतीत ड्रिल घातलं. ही भिंत सामायिक आहे. पलीकडचं घर मालकाने एका सरकारी कार्यालयाला भाड्याने दिलेलं आहे. करणचं ड्रिल भिंतीपेक्षा लांब होतं, आणि हे आम्हा दोघांना पलीकडून ओरडण्याचा आवाज आल्यावर कळलं.

पाच मिनिटांत तिथले वरिष्ठ लिपिक कल्याणराव दारात आले. त्यांच्या हातात हालचाल नोंदवही होती, म्हणजे कोण कर्मचारी कुठे दौऱ्यावर गेला ते लिहायची वही. ती त्या भिंतीवर खिळ्याला लटकत होती. कल्याणरावांनी वहीच्या मधोमध पडलेल्या भोकातून पेन्सिल घातली आणि दुसऱ्या बाजूने काढून दाखवली.

"सर, तीन वर्षांचे दौरे गेले ह्यात."

मी माफी मागितली. भोक लगेच सिमेंटने बुजवून देतो म्हणालो.

"असं कसं बुजवता? भिंत निम्मी शासनाकडं भाड्यानं हाय. भोक शासनाच्या हद्दीत किती आन् तुमच्या हद्दीत किती, हे आधी ठरंल."

रीतसर पंचनामा झाला. गोरक्षनाथ पंच म्हणून आनंदाने उभे राहिले. छापील नमुन्यात नुकसानीचं कारण विचारलं होतं आणि पुढे पर्याय होते: अतिवृष्टी, गारपीट, वीज, आग, भूकंप. मी म्हणालो, हे भूकंपामुळेच झालंय, पण तो टाळण्यासाठी. कल्याणरावांनी बराच विचार करून 'भूकंप'पुढे बरोबरची खूण केली.

"भूकंपाचा दिनांक?"

"अजून झालेला नाही."

"मग दिनांक रिकामा ठिवतो. पुढं कंसात 'नियोजित' लिहितो."

मी त्यांना विचारलं की घर आधीच मजबूत करण्यासाठी काही अर्ज, काही परवानगी असते का. ते सहानुभूतीने म्हणाले, "सर, झाल्यावर या. झाल्यावर सगळे नमुने हायेत आपल्याकडं." प्रकरण वर पाठवलं गेलं आणि उत्तर येईपर्यंत भोक बुजवायचं नाही, दुसरं पाडायचंही नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं.

मी हताश होऊन ओट्यावर बसलो होतो. करण शेजारी बसला आणि म्हणाला, "सर, भिंतीला हात न्हाई लावायचा ना? मग भिंत लागतीच कशाला?"

त्याने फरशीवर खडूने चित्र काढलं. पलंगाच्या चार कोपऱ्यांना चार उभे अँगल, त्यांना आडव्या पट्ट्या, हा सांगाडा थेट माळ्यापर्यंत, आणि माळ्याच्या तोंडाला त्याच सांगाड्याला जोडलेली जाळी. पेट्या सरकल्या तरी जाळी अडवेल, जाळी तुटली तरी वरच्या पट्ट्या झेलतील. मी विचारलं, नटबोल्ट लावायचे का? तो म्हणाला, "नटबोल्ट हादऱ्यानं ढिलं व्हतंय. सगळं वेल्डिंगच मारू." हे मला शास्त्रीय वाटलं. नापास झालेल्या मुलाच्या डोक्यातून एवढं निघालेलं बघून मला गुरू म्हणून समाधानही वाटलं. मी स्वतः होकार दिला, याची नोंद असावी.

आई मंगळवारची मोहटादेवीला गेली होती, तेवढ्यात काम उरकलं. एक अँगल हातातून निसटून फरशीचे तीन तुकडे झाले, पण पेट्यांना कोणाचं बोटही लागलं नाही. मी स्टुलावर उभा राहून लक्ष ठेवत होतो. आई आली, तिने पलंगाला एक चक्कर मारली आणि विचारलं, "शिरायचं कुठून?"

मी पायथ्याकडची मोकळी जागा दाखवली. आई आत जाऊन बसली. एक आडवी पट्टी हाताने चाचपून बघितली. "माझ्यापायी केलं एवढं?" म्हणाली. मी हो म्हणालो, आणि मला जरा भरून आलं.

ही भावना बुधवारी दुपारपर्यंत टिकली. तोवर गल्लीतल्या बायका बघून गेल्या होत्या आणि सरांनी आईला पिंजऱ्यात ठेवल्याची बातमी नाक्यापर्यंत पोचली होती. गुरुवारी आठवीच्या एका मुलाने भर वर्गात, अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, आजीला जेवन आतच देता का?" शनिवारी खर्ड्याहून मामा जीप करून आले. बरोबर दोन धट्टेकट्टे पुतणे आणि बहिणीसाठी नवं लुगडं. मामा मला ओलांडून थेट आत गेले आणि म्हणाले, "मुक्ते, चल घरी."

"आता आलास तर च्या घे आधी," आई आतून म्हणाली. "मला काय झालंय? उठताना धराया लई बरं पडतंय हे."

मामांनी दोन्ही हातांनी सांगाडा धरून गदागदा हलवून पाहिला. मग पुतण्यांनी पाहिला. तो तसूभरही हलला नाही. माझ्या कामाची जी काही परीक्षा झाली ती एवढीच, पण तिच्यात मी पास झालो. मामा चहा पिऊन, मान हलवत परत गेले.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला दारात रंगुबाई उभी. ही आमच्या वस्तीवरची, सांगलीकडच्या कारखान्याला गेलेली. हंगाम अर्धा टाकून ती अवेळी आलेली बघून आई घाबरली. तिच्या मागे तिची मुलगी आरती होती. दोघी रात्रभर प्रवास करून आल्या होत्या.

"मावशी, पोरगी पोलीस भरतीत बसली," रंगुबाई म्हणाली. "पळन्यात, गोळा फेकन्यात, समद्यात पास झाली. आज नगरला कागद दाखवायचेत, चारच्या आत. मूळ कागद."

कागद पेटीत होते. उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कागद कुठे ठेवणार? दहावीचं, बारावीचं, जातीचा दाखला, सगळं त्या पेटीत नीट गुंडाळून ठेवलेलं. रंगुबाई आतल्या खोलीत गेली, स्टूल ओढलं, पदर खोचला आणि वर बघून थांबली.

"सर, ह्याला दार कुनीकडून हाय?"

दार नव्हतं. पेट्या कशा पडतील, कुठल्या कोनातून पडतील, किती वजनाने पडतील, सगळ्याचा मी विचार केला होता. पेट्या कोणीतरी मागायला येईल, हा विचार केला नव्हता.

करण धावत आला. पण तालुक्याची वीज दुरुस्तीसाठी चारपर्यंत बंद होती आणि विजेशिवाय ग्राइंडर चालत नाही. तो करवतीने कापायला बसला. सहा ठिकाणी कापायचं होतं. अर्ध्या तासात निम्मी पट्टी कापून झाली. आरती भिंतीला टेकून नुसती मोबाईलवर वेळ बघत होती. आई पिंजऱ्यातून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"वैजू, माझ्या घरी ठिवलेली पेटी मागितली आन् देता आली न्हाई, असं कधी झालं न्हाई." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नुसता बारीक झाला होता. मला इतकी लाज वाटली की आयुष्यात पहिल्यांदा, आपण भूगोल शिकवायला नको होता असं वाटलं.

त्या शांततेत पलीकडून घरघर ऐकू येत होती. कार्यालयाचा जनरेटर चालू होता.

मी धावत कल्याणरावांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "सर, शासनाची वीज खासगी कामाला देता येत न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी उघड्या दारातून आमच्या ओट्याकडे बघितलं. आरती तिथे येऊन उभी राहिली होती. "पोरगी भरतीत बसली म्हनता?"

"सगळ्यात पास झालीय. फक्त कागद राहिलेत."

कल्याणरावांनी खण उघडला, आमचा पंचनामा काढला आणि भूकंपाच्या रिकाम्या दिनांकाच्या जागी आजची तारीख घातली. "आता हे आपत्ती निवारन झालं," म्हणाले. "वायर आना."

करणची वायर जेमतेम पंधरा फूट होती. दोन्ही घरांच्या दारांतून वळसा घालून ती पुरली नसती. पण भिंतीत भोक होतं, आणि ते बुजवण्याचा आदेश सुदैवाने अजून आलेला नव्हता. करणने पिन काढून वायर भोकातून सारली. पलीकडे कल्याणरावांनी ती ओढून घेतली, पुन्हा पिन बसवली आणि विचारलं, "करू का चालू?"

दहा मिनिटांत जाळी कापली गेली. रंगुबाईने स्टुलावर चढून आपली पेटी स्वतःच्या हाताने उतरवली आणि कमरेची किल्ली काढली. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि आम्हा सगळ्यांनाही करायला लावलं. "पलीकडच्या सायबांनी भोकाला लावलेला डोळा काढावा," हेही तिने न बघता सांगितलं.

गोरक्षनाथ आरतीला स्टँडवर घेऊन गेले. नगरची गाडी फलाटावरून निघाली होती. ती त्यांनी हात आडवा करून थांबवली, आणि आतल्या कंडक्टरला पोरीला कुठे उतरवायचं हे बजावून सांगितलं. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन आला. कागद दाखवून झाले होते. रंगुबाई हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून बसली.

जेवणं झाली. रंगुबाई आईच्या पलंगावर टेकली होती. सहज तिची नजर वर गेली आणि ती तशीच बघत राहिली.

"मावशी, तुमी ह्याच्याखाली झोपता?"

"मग कुठं झोपू?"

"आमी पेटी ठिवून जातो. तुमी कुठं झोपता हे कधी बघितलंच न्हाई ओ."

तिने स्वतःची पेटी पुन्हा वर ठेवली नाही, भिंतीकडेला जमिनीवर ठेवली. मग मोबाईल काढून लंकाबाईला फोन लावला, स्पीकरवर. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. रंगुबाईने काय आहे ते सांगितलं आणि विचारलं, पेटी खाली घेतली तर चालंल का?

"आमची काय हरकत?" लंकाबाई म्हणाली. "सरांना म्हनावं दमानं घ्या, कडी तुटल्याली हाय."

मग राहीबाई, मग मनकर्णा. सात फोन वीस मिनिटांत झाले आणि सातही जणींनी तेच सांगितलं. त्या सातही जणींचे नंबर माझ्या मोबाईलमध्ये आधीपासून होते. दर गणपतीत त्या मला शुभेच्छा पाठवतात. दोन महिने मी ड्रिल, पंचनामा आणि वेल्डिंग करत हिंडलो, पण ज्यांची पेटी त्यांना विचारावं हे मला सुचलं नव्हतं.

पेट्या मी उतरवल्या, आईच्या देखत, एकेक करून. चौथी उतरवताना मी ती छातीशी धरून मध्येच थांबलो. तोवर मला कल्पनाच नव्हती की त्या एवढ्या जड असतील.

सगळ्या पेट्या भिंतीकडेला लागल्या. आईने मोकळ्या माळ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "कुनी पेट्यांना हात लावला तर पहिली जाग मला यावी, म्हनून झोपत हुते हितं. आता पलंग तिकडं घे, पेट्यांपाशी."

पहिल्या दिवशी मी तिला हेच सांगत होतो. मी करणकडे बघितलं, करणने चार कोपऱ्यांतल्या अँगलकडे बघितलं. पलंग त्या पिंजऱ्यातून निघत नव्हता. चारला येणारी वीज संध्याकाळ झाली तरी आली नव्हती. वायर अजून भोकातच होती, पण जनरेटर बंद करून कल्याणराव घरी गेले होते.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "धराया बरं पडतंय."

म्हणून आम्ही पेट्याच उचलून पलंगाला लागून ठेवल्या, चार ह्या बाजूला, चार त्या बाजूला. आई आडवी झाली आणि तिने पट्टीच्या फटीतून हात खाली सोडला. तो बरोबर रंगुबाईच्या पेटीवर पडला. थोड्या वेळाने तिला झोप लागली. मी आवाज न करता पायथ्याशी बसलो आणि वर बघितलं. तिच्या डोक्यावर आता काहीही नव्हतं.